मिर्झाच्या हलक्या रिकिबी

मी नवी नवरी म्हणून पडद्यामागे बसले होते, तेव्हा सासू-सासऱ्यांचं एक भांडण ऐकलं. नवरीने पडद्यामागे मान खाली घालून बसायचं, दिसायचं नाही, बोलायचं नाही. कान मिटून घे असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते उघडे ठेवले.

सासरे खोगीर करायचे. त्या दिवशी थोरल्या मुलीचं, बातमा आपाचं, खोगीर पुरं होत आलं होतं. आपाला नांदायला वर जायचं होतं, कोक-बेलच्या खिंडीपलीकडे, जिथे आमच्या गावची जनावरं हिवाळ्यात ठेवतात. खोगिरावर वाद नव्हता. वाद रिकिबींवर होता, पाय ठेवायच्या कड्यांवर.

"लाकडाच्या करा," सासूबाई म्हणत होत्या. "पोरीचा घोडा म्हातारा. त्याच्या अंगावर लोखंडाचं ओझं कशाला?"

"लाकूड फुटलं की पोर दरीत."

"फुटेल तेव्हा फुटेल. घोडा तर रोज दमणार."

"दमलेला घोडा सकाळी उठतो. दरीत गेलेली पोर उठत नाही."

"जिभेला काही हाड आहे का तुमच्या? लग्नघरात दरी काढताय!"

"मी नाही काढली. ती तिथे आहेच."

दोन दिवस हे चाललं. जेवताना, चहा पिताना, पाहुण्यांच्या देखत. शेवटी सासऱ्यांनी एक रिकीब लोखंडाची केली, एक लाकडाची, आणि दोन्ही सासूबाईंसमोर आपटल्या. "घे. एक तुझी, एक माझी."

मी पडद्यामागून फिस्सकन हसले.  मग सासूबाई म्हणाल्या, "हसते ही. म्हणजे ऐकतेसुद्धा." त्या एका हसण्यावर माझी जी किंमत झाली, ती पुढे कितीही कणीक मळली तरी वाढली नाही.

बातमा आपा पुढे आयुष्यभर त्या खोगिरावर किंचित कलून बसली. खिंडीतून कुणी वाकडा स्वार उतरताना दिसला की आम्ही चहाचं आधण ठेवायचो.

हे भांडण मी विसरूनही गेले होते. नातवंडं झाल्यावर ते परत आलं, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि या वेळी मी पडद्यामागे नव्हते, चांगली मध्ये उभी होते. तरी त्याने काही शहाणपण वाढलं असं झालं नाही.

ते आलं माझ्या धाकट्या दिरामुळे. लोक त्याला ओरोझाली म्हणतात. मी म्हणत नाही. आमच्यात सुनेने सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात, दिराचंसुद्धा. तिने आपलं एखादं नाव शोधायचं. मी आले तेव्हा त्याचं नाक सदा वाहत असायचं, तरी मी त्याला मिर्झा म्हटलं, म्हणजे सरदार. मला वाटलं, नाव मोठं ठेवलं तर नाक पुसेल. आता इथे त्याचंही, आपाचंही खरं नाव लिहून बसले आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे असं मी ठरवलं आहे. सासूबाई वर भेटतील तेव्हा बघून घेऊ.

मिर्झाने बापाचा धंदा धरला नाही. तो कोळशाच्या खाणीत गेला. खाणीत एक गाडा त्याच्या डाव्या गुडघ्यावर आला, आणि थोड्या वर्षांनी खाणच बंद झाली. गुडघा राहिला, नोकरी गेली. बायको आधीच वारली होती, मुली लग्न होऊन लांब गेल्या. मग तो माझ्याच अंगणातल्या खोलीत राहायला आला, आणि जेवायला माझ्याकडे. कमी बोलायचा, उंच होता, दारातून येताना वाकायचा आणि चौकट नसेल तिथेही सवयीने वाकायचा.

खाण बंद झाली आणि गावात बर्फावर घसरायला परदेशी लोक यायला लागले. आम्ही जन्मभर ज्या बर्फाला शिव्या घातल्या, तो बघायला माणसं विमानात बसून येतात हे मला आजही खरं वाटत नाही. मिर्झा त्यांचं सामान वाहायचा, वाट दाखवायचा. त्यातल्याच एकाने त्याला बर्फावर घसरायची आपली जुनी फळी दिली. ती उभी दोन भागांत सुटते. चढताना दोन पायांना दोन तुकडे आणि खाली केसाळ पट्ट्या, म्हणजे मागे घसरत नाही. माथ्यावर गेलं की पट्ट्या काढायच्या, तुकडे जोडायचे, एकच फळी करायची आणि तिच्यावर आडवं उभं राहून खाली यायचं. पहिल्या हिवाळ्यात मिर्झा खाली यायचा तो बहुतेक पाठीवर. गावाने मनसोक्त करमणूक करून घेतली. मी तर खिडकीशी बसून शेंगदाणे खायचे. दुसऱ्या हिवाळ्यात तो उभा येऊ लागला आणि आम्हाला शेंगदाणे गोड लागेनात.

फळीवर बूट ज्यात अडकवतात त्याला ती मंडळी बाइंडिंग म्हणतात. मिर्झा खोगीरवाल्याचा मुलगा. तो त्याला पहिल्या दिवसापासून रिकीब म्हणाला, आणि सगळं गाव तेच म्हणतं.

आता बातमा आपाचं सांगते. नवरा गेल्यावरही ती खिंडीपलीकडेच राहिली. एक गाय, थोड्या शेळ्या, एक कुत्रा आणि ती. तिचा मुलगा कुबात कराकोल शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याने तिला एकदा तिकडे नेलं होतं. ती आठवडाभर खिडकीत बसली आणि म्हणाली, "इथून खाली बघितलं की माणसांची टकलंच दिसतात. मला तोंडं बघायची सवय आहे." आणि परत गेली.

मग तिला रक्तदाब निघाला. गोळ्या रोजच्या. हिवाळ्यात खिंडीत बर्फ घोड्याच्या छातीला लागतो, फोन लागत नाही. कुबात शरद ऋतूत आला आणि माझ्या चुलीपाशी बसून म्हणाला, "मामी, मी आईशी भांडून दमलो. तिचं म्हणणं मान्य. पण दर शुक्रवारी मामाने गोळ्या पोचवायच्या. एक शुक्रवार चुकला, तर मी ट्रॅक्टर घेऊन येईन आणि तिला खाली नेईन. मग रडून उपयोग नाही."

"कोण रडणार?" मी म्हटलं. "ती रडेल असं तुला वाटतं?"

"मी रडेन," कुबात म्हणाला. "पण नेईन."

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "पोचलं का?" मी म्हणायचे, "पोचलं." मिर्झा परत आल्यावर वर संपलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट माझ्या टेबलावर ठेवायचा, फळी भिंतीला टेकवायचा आणि चहा मागायचा. बस, एवढंच. आपाचं उरलेलं आयुष्य कुठल्या खिडकीत जाणार ते या एवढ्यावर टांगलेलं होतं, म्हणजे खरं तर मिर्झाच्या डाव्या गुडघ्यावर.

आणि गुडघा बिघडत चालला होता. चढताना प्रत्येक पावलाला बूट, रिकीब आणि अर्धी फळी उचलायची. जुन्या रिकिबी जाड धातूच्या, रुंद पट्ट्यांच्या, चांगल्या दणकट. तो परत यायला उशीर करू लागला. पायरीवर बसला की उठायच्या आधी थोडा वेळ दुसरीकडे बघायचा, जणू काही उठायचा त्याचा विचारच नव्हता.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे रेनातो नावाचा इटलीचा पाहुणा उतरला. हा माणूस प्रत्येक वस्तूचं वजन करायचा. दात घासायचा ब्रश त्याने अर्धा कापून आणला होता, हलका व्हावा म्हणून. आणि रात्री बेशबरमाकच्या, आमच्या मटण-शेवयांच्या, तीन थाळ्या चढवल्या! मी म्हटलं, बाबा, ब्रश कशाला कापलास, हात आवर. पण त्याला आमची भाषा येत नव्हती, त्यामुळे तो हसला आणि चौथी मागितली.

जाताना त्याने मिर्झाला आपल्या नव्या रिकिबी दिल्या. मी हातात घेतल्या तर वाटलं, कुणीतरी आतलं सगळं खाऊन नुसतं साल ठेवलंय. तळाला भोकंच भोकं, पट्ट्या माझ्या वेणीच्या फितीएवढ्या, गादी नाही, मागचा आधार तळहाताएवढा. रेनातोने हातवाऱ्यांनी समजावलं. आधी पाय दाखवला आणि हात वर उचलला, म्हणजे हलका. मग पाठीवरची पिशवी दाखवली आणि पुन्हा हात वर उचलला, म्हणजे तीही हलकी. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पहिलं अर्धं आम्हाला फारच पटलं.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात बैठक बसली. मिर्झा, मी, आणि शेजारची शारकान, जी खमीर मागायला आली होती आणि काही भांडण असेल तर रिकाम्या हाती परत जात नाही.

मिर्झा नवी रिकीब बोटांनी वाकवून बघत होता. "चढायला चांगली. उतरताना काय? फळी हादरली की सगळा दणका गुडघ्याला. आणि हे बक्कल बघा. थंडीत हातमोजा घालून पकडताच येणार नाही. मोडलं तर दुरुस्त कशाने करू? जुन्याला निदान तार बांधता येते."

"चढताना गुडघा रोज दुखतो," मी म्हटलं. "बक्कल काय रोज मोडणार आहे?"

बोलले आणि चमकले. ही तर सासूबाईंचीच बाजू! त्या गेल्यावर पहिल्यांदा मी त्यांच्या बाजूने बोलले होते, आणि ऐकायला त्या नव्हत्या.

"वहिनी, बक्कल खिंडीत मोडलं तर?"

"तू तर अगदी बापासारखा बोलतोस. खिंड खिंड!"

"खिंड मी नाही केली, वहिनी. ती तिथे आहेच."

"आधी फरक तरी किती ते बघा," शारकान म्हणाली. "उगाच हवेत भांडताय."

मी काटा आणला. आमचा काटा मेंढ्या टांगायचा. दोन्ही जोड टांगून पाहिले, काटा जागचा हलला नाही. त्याने त्यांना वस्तूच मानलं नाही. मग मला अक्कल सुचली, आणि माझ्या अकलेचं असं आहे की ती सुचते तेव्हा जवळपासच्या माणसांनी सावध व्हावं. मी पाण्याची कावड काढली. एका टोकाला जुन्या रिकिबी, दुसऱ्या टोकाला नव्या, मध्ये मिर्झाच्या खांद्यावर दांडी. जुनी बाजू खाली गेली. मग मी हलक्या बाजूला एकेक वस्तू ठेवत गेले. एक नान ठेवला, जुनी बाजू थोडी वर आली. लोण्याची वाटी ठेवली, आणखी वर आली. मूठभर कुरुत टाकलं, सुकवलेल्या दह्याचे आमचे दगडासारखे गोळे, आणि दांडी सरळ झाली.

"बघा," मी म्हटलं. "एक नान, एक वाटी लोणी, मूठभर कुरुत. एवढं ओझं तुझ्या पायावरून गेलं."

मिर्झा हसला. शुक्रवारी त्याने नव्या रिकिबी लावल्या. आणि मी काय केलं? तो निघताना एक नान, एक वाटी लोणी आणि मूठभर कुरुत त्याच्या पिशवीत घातलं, आपासाठी. जागा झालीच होती ना! आपा स्वतः कुरुत करते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या शुक्रवारी शारकान दारात उभी. हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी.

"ओरोझाली, तुझे पाय आता हलके झालेत म्हणे. एवढी बरणी आपाला दे. अमानत आहे."

आता अमानत म्हटलं की संपलं. दुसऱ्याची वस्तू पोचवायला दिली तर आमच्यात नाही म्हणता येत नाही, वाटेत टाकता येत नाही, वापरता तर त्याहून येत नाही. मिर्झाने बरणी घेतली. संध्याकाळी आला तेव्हा बरणीत आपाचं कुरुत होतं, कारण भांडं रिकामं परत देत नाहीत.

"काय म्हणाल्या आपा?" शारकानने विचारलं.

"साखर जास्त पडली म्हणाली."

"जास्त?" शारकानला झोंबलं. "थांब, पुढच्या वेळी दुसरा पाठवते."

कावडीची गोष्ट गावभर झाली, आणि प्रत्येक घराने तो वाचलेला नान आपल्याच वाटणीचा धरला. मौलवींनी रेडिओच्या बॅटऱ्या दिल्या. एकीने लोखंडी तवा दिला, आपाचा तवा तडकलाय असं तिने दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं. कुणी खताची पिशवी दिली नाही हेच उपकार. आणि मी, जिने ही सगळी आग लावली, तिने आपाच्या गाईचं वासरू बांधायला विणलेला लोकरीचा लांब पट्टा दिला. कारण लोकर हलकी असते.

मिर्झाची पिशवी उचलायला दोन माणसं लागू लागली. पाय मात्र हलके!

ज्या शुक्रवारी तवा आणि पट्टा दोन्ही पिशवीत होते, त्या शुक्रवारी अंधार पडला आणि मिर्झा आला नाही. फोन वाजला.

"मामी, पोचलं का?"

मी दाराकडे बघितलं.

"मामी?"

"अजून आला नाही रे."

 कुबात म्हणाला, "सकाळी ट्रॅक्टर घेऊन निघतो," आणि फोन ठेवला.

मी कावड कोपऱ्यात उलटी करून ठेवली. तिचं तोंड बघवेना.

सकाळी कुबात आला तो शहरातले बूट आणि भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन. आईसाठी रजई, गादी, शेळ्यांसाठी दोर, सगळं आणलं होतं. डोळे लाल. म्हटल्याप्रमाणे रडून आला होता. आम्ही दोघं ट्रॅक्टरवर बसलो. मी कशाला बसले विचारू नका. मला वाटलं, डोंगराशी दोन शब्द बोलावे लागतील.

ट्रॅक्टर गावाबाहेर चढावर रुतला, आणि तेवढ्यात वरून मिर्झा येताना दिसला. पण कसा! एका बाजूला कललेला, वाकडा. मला क्षणभर वाटलं आपाच येते आहे, आणि मी सवयीने मनात आधण ठेवलं.

तो आमच्यासमोर थांबला. खिशातून रिकामं गोळ्यांचं पाकीट काढून कुबातला दिलं. "पोचलं. काल दिवस मावळायच्या आत." मग माझ्याकडे बघितलं. "वहिनी, चहा आहे का?"

घरी चुलीपाशी बसल्यावर त्याने सांगितलं. झालं होतं असं. वर जाताना खिंडीखालच्या चढावर उजव्या पायाचं बक्कल तुटलं. पायावर मिर्झा, पाठीवर सगळं गाव. त्या एवढ्याशा बक्कलाने किती सोसायचं? त्याने तार काढली, तर पातळ पट्टी तारेने चिरत गेली. बूट रिकिबीत राहीना. फळीवरून उतरला तर बर्फ कमरेपर्यंत.

"पिशवी टाकायची होतीस," कुबात म्हणाला. "गोळ्या खिशात घालून जायचं."

मिर्झा त्याच्याकडे असा बघत राहिला की जणू भाच्याने विचारलं, पाय तिथेच का नाही ठेवलास? "अमानत होती," तो म्हणाला.

मग त्याने पिशवी उघडली, आणि हाताला लागला माझा पट्टा. बूट, रिकीब, फळी सगळं एकत्र गुंडाळून, वासराला बांधतात तसा त्याने स्वतःचा पाय बांधला. दुसऱ्याची अमानत पायाला! वर पोचेपर्यंत त्याला गुडघ्यापेक्षा ते जास्त टोचत होतं म्हणाला. आपाच्या दारात जाऊन त्याने आधी माफी मागितली.

आपाने पायाकडे बघितलं. "हा काय माझा पट्टा?"

"हो आपा."

"सोड आणि दे."

"आपा, मग मी खाली कसा जाऊ?"

"ते नंतर. आधी माझी वस्तू माझ्या हातात दे. भावजयीने वासरासाठी पाठवलाय, तुझ्यासाठी नाही."

त्याने सोडला, दिला. तिने घेतला, झटकला, वासराला बांधला, गोळी घेतली. मग मुरंबा चाखला, साखर जास्त आहे म्हणाली. मग त्याला जेवायला वाढलं, गुडघ्याला मेंढीची चरबी चोळली आणि रात्री बाहेर पडू दिलं नाही. सकाळी तिने भिंतीवरचं जुनं खोगीर उतरवलं आणि लोखंडी रिकिबीचा चामड्याचा पट्टा सोडून त्याच्या पुढ्यात टाकला. बापाच्या हातचा. तो त्या सालपटासारख्या रिकिबीला ओवून, आवळून मिर्झा खाली आला.

"आणि पिशवी भरून पाठवणाऱ्या शहाण्यांना सांग," असाही निरोप होता, "मी इथे जेवते. उपाशी मरायला बसलेली नाही. एका वेळी एक अमानत. दुसरी दिसली तर शेळ्यांना घालीन."

शहाण्यांना म्हणजे कुणाला, हे मिर्झाने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चहात मीठ घातलं, आमच्यात घालतात तेवढं.

कुबात पाकीट हातात घेऊन बसून होता. "मामा, आई मला काही म्हणाली?"

"म्हणाली, ट्रॅक्टर आणला असेल तर परत जाताना जळण घेऊन जा, तिसऱ्या मजल्यावर थंडी असते."

कुबात हसला, आणि मग परत थोडा रडला. शुक्रवार चुकला नव्हता. ट्रॅक्टर बाहेर काढायला मात्र गावातले सगळे घोडे लागले.

त्यानंतर आम्ही रिकिबी नीट बसवल्या. मी तळाला दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा तुकडा शिवला, म्हणजे दणका गुडघ्याला लागू नये. बर्फ चिकटतो त्याला, झटकावा लागतो, पण दुखत नाही. पातळ फितींच्या जागी मिर्झाने चामड्याचे पट्टे लावले. बक्कल मोठं, लोहाराकडचं. शारकान म्हणाली, आता पुन्हा तोलून बघू. मला नको होतं, पण तिने स्वतःच कावड आणली. एकीकडे जुना जोड, दुसरीकडे सुधारलेला नवा. दांडी जवळपास सरळ. मी मूठभर कुरुत टाकलं आणि ती पार सरळ झाली.

"म्हणजे इटलीहून विमानात बसून मूठभर कुरुत आलं," शारकान म्हणाली.

मिर्झाने थोडा विचार केला. मग सुधारलेली रिकीब फक्त एका पायाची उचलली, तिच्यावरचं चामडं काढलं, मूळच्या फिती लावून पुन्हा हलकी केली आणि दुखऱ्या डाव्या पायाला लावली, नमदा तेवढा ठेवून. उजव्याला जुनी, जाड, लोखंडासारखी. चढताना दुखरा पाय हलका, आणि खाली येताना जोर चांगल्या पायावर. तो अंगणातून दोन पावलं चालून गेला. एका बाजूला किंचित कलून.

मी आत गेले आणि पदर तोंडाशी धरला. या वेळी हसले की काय ते मलाही नक्की माहीत नाही.

गावात पाळी ठरली. दर शुक्रवारी गोळ्या आणि एका घराची एक अमानत. शारकानने मौलवींशी भांडून आपली पाळी दोनदा पुढे ओढली, कारण तिला तो मुरंबा एकदा तरी बरोबर जमवायचा होता. दर वेळी बरणी कुरुत घेऊन परत यायची आणि मिर्झा म्हणायचा, साखर जास्त पडली म्हणाली. असे बरेच हिवाळे गेले. एकही शुक्रवार चुकला नाही. कुबातने ट्रॅक्टरचं नाव काढलं नाही.

आपा गेली ती शरद ऋतूत, बर्फाच्या आधी, स्वतःच्या अंथरुणात, कुत्रा पायाशी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती परत कधी बसली नाही. तिला तिथेच पुरलं, शेळ्या कुबातने वाटल्या, गाय माझ्याकडे आली.

पण शारकानची बरणी माझ्या फडताळात राहून गेली. तिची पाळी त्या हिवाळ्याच्या पहिल्या शुक्रवारी होती, आणि तिने महिनाभर आधीच आणून ठेवली होती. मी म्हटलं, परत देऊ. मिर्झा म्हणाला, "अमानत परत देतात का, वहिनी?"

बर्फ पडला. पहिल्या शुक्रवारी त्याने फळी काढली. पिशवीत फक्त ती बरणी. इतकी हलकी पिशवी त्याच्या पाठीवर मी कधी बघितली नव्हती. मला बघवली नाही. एक नान घातला.

"वर कोण खाणार, वहिनी?"

"तू खा."

"आणि हे कुरुत?"

"तेही तू खा. जा आता, दिवस लहान आहे."

गेला. कललेला, सावकाश. मी गाईचं दूध काढलं, चूल पेटवली. संध्याकाळी फोन वाजला नाही, तरी मी त्याच्याजवळच बसले होते.

दिवस मावळायच्या आत तो आला. दारात सवयीने वाकला, फळी भिंतीला टेकवली. ती फळी त्यानंतर तिथून हलली नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात तोही नव्हता. पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक होतं? त्याने चहा मागितला, आणि अर्धा प्याला होतो न होतो तोच शारकान आली.

"पोचलं का?"

"पोचलं."

त्याने पिशवीतून बरणी काढली. धुतलेली, घासलेली, आणि कुरुताने भरलेली. कुरुत आपाच्या हातचं, तिच्या आढ्याला टांगलेलं राहिलं होतं ते. मुरंबा त्याने तिथे बसून खाल्ला की कावळ्यांना घातला, मी विचारलं नाही.

शारकानने बरणी हातात घेतली, उजेडात धरली. मग नेहमीसारखं, जरा रागातच, विचारलं, "काय म्हणाल्या?"

मिर्झाने चहाचा घोट घेतला.

"साखर जास्त पडली म्हणाली."

"बाईला कशाचं म्हणून कौतुक नाही," शारकान म्हणाली, आणि बरणी छातीशी धरून घरी गेली.